चेक प्रतिकार चळवळीवरील जर्मन पाळत

चेक प्रतिकार चळवळीवरील जर्मन पाळत : बोहीमिया व मोरेव्हिया हा चेक प्रदेश १९३९ ते १९४५ या काळात जर्मनीच्या ताब्यात होता. तेथील भूमिगत संघटना आणि त्यांचे लंडन, मॉस्को व तटस्थ देशांशी असलेले संबंध हुडकून काढण्यासाठी जर्मन पोलिसांनी व लष्करी गुप्तवार्ता खात्याने जी यंत्रणा उभारली, तिचा येथे विचार केला आहे. या यंत्रणेच्या यशाचे श्रेय पुष्कळदा दिशाशोधक यंत्रांना किंवा छळाच्या पद्धतींना दिले जाते. दोन्ही गोष्टी होत्याच. तथापि तिचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी होते. व्यापलेल्या देशातील भूमिगत संघटनेला परदेशाशी संपर्क ठेवावाच लागतो. त्यावाचून तिच्या माहितीला मोल नसते आणि तिला मदतही मिळत नाही. पण संपर्काचा प्रत्येक दुवा, मग तो प्रेषक असो, निरोप्या असो किंवा विमानातून उतरलेला सैनिक असो, शत्रूच्या दृष्टीस पडण्याचीही जागा ठरतो. चेक प्रतिकाराचा १९३९–४५ मधील इतिहास हा बव्हंशी या पेचाचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : सप्टेंबर १९३८ च्या म्यूनिक कराराने चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देण्यात आला. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि दुसऱ्या दिवशी हिटलरने ‘बोहीमिया व मोरेव्हियाचे संरक्षित राज्य’ घोषित केले. राष्ट्राध्यक्ष एमिल हाखा व एक चेक मंत्रिमंडळ नावापुरते कायम ठेवण्यात आले. सत्ता मात्र जर्मन राज्यरक्षक कॉन्स्टांटीन फोन नॉयराट आणि त्याचा सचिव कार्ल हेर्मान फ्रांक यांच्या हाती गेली. फ्रांक हा सुडेटन जर्मन होता. पोलीस यंत्रणेवर त्याचे नियंत्रण होते आणि चेक समाजाची त्याला जवळून ओळख होती.

आक्रमणाच्या आदल्या दिवशी, १४ मार्च रोजी, चेकोस्लोव्हाक लष्करी गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख फ्रांटिशेक मोराव्हेत्स आपल्या दहा सहकाऱ्यांसह विमानाने लंडनला गेला. निवडक कागदपत्रे त्यांनी बरोबर नेली. पुढे एडुआर्ट बेनेश यांच्या नेतृत्वाखाली लंडनमध्ये जे निर्वासित सरकार स्थापन झाले, त्याच्या राजनैतिक वजनाचा एक मोठा आधार म्हणजे या गुप्तवार्ता विभागाकडे मायदेशातून येणारी माहिती होय. ब्रिटनने या सरकारला जुलै १९४० मध्ये हंगामी व १८ जुलै १९४१ रोजी पूर्ण मान्यता दिली. साहजिकच लंडनहून अधिकाधिक माहितीची मागणी होत राहिली आणि ती पुरविण्याचा धोका मायदेशातील माणसांनी पत्करला.

देशात प्रथम तीन संघटना उभ्या राहिल्या : राजकीय कार्यकर्त्यांचे ‘राजकीय केंद्र’, लष्करी अधिकाऱ्यांची ‘ओब्राना नारोदा’ (राष्ट्राचे संरक्षण) आणि डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांची व कामगार पुढाऱ्यांची ‘आम्ही निष्ठावंत राहू’ ही याचिका समिती. १९४० च्या प्रारंभी त्यांचे ‘मायदेशातील प्रतिकाराचे मध्यवर्ती नेतृत्व’ (संक्षेपाने ‘ऊव्होद’) या नावाने एकीकरण करण्यात आले. कम्युनिस्ट पक्षाचे भूमिगत जाळे स्वतंत्र होते.

पाळतीची यंत्रणा : गेस्टापो म्हणजे गुप्त राज्य पोलीस, याची मुख्य कार्यालये प्राग व ब्रनो येथे होती. प्रागमधील कार्यालय पेचेक या ज्यू बँकमालक कुटुंबाच्या भव्य इमारतीत थाटण्यात आले. या इमारतीला लोक ‘पेचकार्ना’ म्हणत. तेथील एका दालनात चौकशीसाठी आणलेल्या कैद्यांना बाकांवर तासन्‌तास ताठ बसवून समोरच्या भिंतीकडे पाहत ठेवीत. या दालनाला कैद्यांनीच ‘सिनेमा’ हे नाव दिले होते. गेस्टापोखेरीज नाझी पक्षाची ‘एस्‌डी’ ही गुप्तवार्ता संस्था लोकमताचे अहवाल तयार करी आणि लष्कराची ‘आब्वेर’ ही हेरसंस्था परदेशी हेरांच्या मागावर असे. या तिघांत चढाओढ होती. ही चढाओढ चेक प्रतिकाराला काही काळ कशी उपकारक ठरली, ते पुढे पाउल ट्यूमेलच्या प्रकरणात दिसून येईल.

सुमारे ७५ लाख वस्तीच्या मानाने गेस्टापोचे मनुष्यबळ अगदी थोडे होते. ही उणीव तीन मार्गांनी भरून काढण्यात आली. पहिला मार्ग म्हणजे पूर्वापार चालत आलेली नागरी नोंदणी. प्रत्येक रहिवाशाची नोंद पोलिसांकडे असे आणि मोठ्या इमारतींतून राहणाऱ्यांची माहिती इमारतीच्या रखवालदाराला असे. परका माणूस घरात चार दिवस राहिला, तर ते जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याच्याही लक्षात येई. दुसरा मार्ग शिधावाटपाचा. १९३९ च्या शरद ऋतूपासून अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळू लागले. लपविलेल्या माणसाजवळ पत्रिका नसे, म्हणजे त्याला आसरा देणाऱ्या कुटुंबाला आपल्या ताटातले वाटून द्यावे लागे किंवा चोरट्या बाजारात जावे लागे. दोन्ही गोष्टी शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटत नसत. तिसरा मार्ग म्हणजे खुद्द चेक पोलीस. संरक्षित राज्याचे ग्रामीण पोलीस जर्मनांच्या देखरेखीखाली काम करीत. त्यांतील अनेक जण प्रतिकाराला आतून साहाय्य करीत होते, तर काही जण हुकमाची इमानेइतबारे अंमलबजावणी करीत होते. दारावर उभा असलेला शिपाई यांपैकी कोण आहे, हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता.

यांशिवाय निनावी पत्रे येत. भाऊबंदकी, घराचा तंटा, दुखावलेले प्रेम आणि बक्षिसाची आशा यांतून लिहिली गेलेली ही पत्रे गेस्टापोला कोणत्याही पगारी हेराहून स्वस्त पडत.

नभोवाणीवरील नियंत्रण : परदेशी नभोवाणी ऐकणे युद्धारंभीच, सप्टेंबर १९३९ मध्ये, गुन्हा ठरविण्यात आले. प्रत्येक घरच्या संचाच्या कळीवर पुठ्ठ्याची एक चिठ्ठी अडकविणे सक्तीचे होते. परदेशी केंद्रे ऐकणाऱ्यास तुरुंगवास किंवा मृत्यूचीही शिक्षा होईल, अशी ताकीद तीवर छापलेली असे. त्याच महिन्यात लंडनहून बीबीसीचे चेक भाषेतील प्रसारण सुरू झाले होते आणि ते ऐकण्याची सवय लोकांना लागली होती. पुढे लघुतरंग ग्रहण करणारा भाग संचातून काढून टाकण्याचा हुकूम निघाला. यावर लोकांनी तोडगा काढला. एका लहानशा पट्टीवर तार गुंडाळून ती संचात खोचली की लंडन पुन्हा ऐकू येई. ब्रिटिश पंतप्रधानाच्या नावावरून या वेटोळ्याला ‘चर्चिल्का’ म्हणत.

परदेशी प्रसारणाचा प्रभाव किती खोल आहे, याचे मोजमाप जर्मनांना सप्टेंबर १९४१ मध्ये मिळाले. १४ ते २१ सप्टेंबर या आठवड्यात जर्मन नियंत्रणाखालील वृत्तपत्रे कोणी विकत घेऊ नयेत, असे आवाहन लंडनहून करण्यात आले आणि ते मोठ्या प्रमाणावर पाळले गेले. लंडनच्या दृष्टीने हे यश होते. जर्मनांनी मात्र त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला : नभोवाणीवरून दिलेला आदेश देशभर पाळला जातो, त्या अर्थी आदेश देणारे व पाळणारे यांच्यामधले जाळे शाबूत आहे. काही दिवसांतच नॉयराटला रजेवर पाठवून त्याच्या जागी राइनहार्ट हायड्रिख याची नेमणूक झाली. या नेमणुकीस कारखान्यांतील मंदगती काम, घातपात व संप हीदेखील कारणे होती. परंतु बहिष्काराने जी खात्री पटविली, ती इतर कशाने क्वचितच पटली असती.

परदेशाशी संपर्काचे मार्ग : प्रारंभी टपाल व निरोपे हे मुख्य साधन होते. निरुपद्रवी कौटुंबिक पत्रांतून अदृश्य शाईने मजकूर लिहून तो तटस्थ देशांतील पत्त्यांवर पाठविला जाई. असा एक पत्ता नेदर्लंड्समधील हेग येथे होता. परदेशी टपाल जर्मन नियंत्रण-कार्यालयांतून उघडून तपासले जात असल्याने वारंवार येणारा एकच पत्ता संशयास्पद ठरे. माणसांची ये-जा मुख्यतः हंगेरीमार्गे बेलग्रेडकडे होई. याच वाटेने हजारो तरुण सैन्यात भरती होण्यासाठी देशाबाहेर पडले. मे १९४० मध्ये नेदर्लंड्स, जूनमध्ये फ्रान्स आणि एप्रिल १९४१ मध्ये यूगोस्लाव्हिया जर्मनीच्या हाती गेल्यावर हे मार्ग एकामागून एक बंद झाले. प्रागमधील सोव्हिएट वाणिज्य वकिलातीमार्फत ऊव्होदचा मॉस्कोशी संबंध होता. तोही जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर तुटला.

अशा रीतीने सगळा भार बिनतारी संदेशवहनावर आला. प्रागच्या परिसरातून लंडनशी बोलणाऱ्या यंत्रणेला ‘स्पार्ता’ हे नाव होते. सैनिकी स्थितीपासून कारखान्यांतील उत्पादनापर्यंत अनेक विषयांवरील संदेश तीवरून जात. माहिती जितकी मौल्यवान, तितका संदेश लांब. आणि संदेश जितका लांब, तितका प्रेषक हवेत जास्त वेळ राही, हीच यातील मेख होती.

बिनतारी दिशाशोधनाचे तत्त्व सोपे आहे. दूर अंतरावरील दोन किंवा अधिक स्थिर केंद्रांवरून येणाऱ्या तरंगांची दिशा मोजून नकाशावर रेषा आखल्या म्हणजे त्या जेथे छेदतात, त्या परिसरात प्रेषक असतो. ही चूक काही किलोमीटरांची असू शकते. त्यानंतर दिशाशोधक बसविलेल्या बंद मोटारी त्या भागात फिरवून गल्लीपर्यंत आणि शेवटी इमारतीपर्यंत पोहोचता येते. प्रत्येक पायरीला वेळ लागतो. म्हणून प्रेषकाने जागा बदलत राहणे, तरंगलांबी व वेळ बदलणे आणि काही मिनिटांतच संदेश आटोपणे, हे त्यावरील उपाय होत. स्पार्ताच्या तंत्रज्ञांना हे ठाऊक होते आणि ते जागा बदलीतही असत. पण प्रत्येक नव्या जागेसाठी नवे विश्वासू कुटुंब लागे. जागा वाढल्या की गुपित जाणणारी माणसेही वाढत. यंत्रापासूनचा धोका टाळावा, तर माणसांपासूनचा धोका वाढत असे.

‘तीन राजे’ आणि १९४१ चा आघात : ओब्राना नारोदाच्या अधिकाऱ्यांनी आपली संघटना सैन्याच्या धर्तीवर, विभाग व उपविभाग पाडून, वरपासून खालपर्यंत आज्ञेच्या साखळीत बांधली होती. उठावाच्या वेळी ही रचना उपयोगी पडली असती. गुप्त कामात मात्र ती घातक ठरली. एक अधिकारी पकडला गेला की त्याच्या वरची व खालची कडी गेस्टापोच्या हाती येई. १९३९ च्या अखेरीपासून अटकांच्या लाटा सुरू झाल्या. संघटनेचा प्रमुख जनरल योसेफ बीली हा नोव्हेंबर १९४० मध्ये पकडला गेला. तत्पूर्वी जुलै १९४० मध्ये प्रागचा महापौर ओटाकार क्लाप्का यास अटक झाली होती. त्याच्या चौकशीतून मंत्रिमंडळाचा प्रमुख आलोइस एलियाश याचाच लंडनशी संबंध असल्याचे धागे गेस्टापोला मिळाले. ही माहिती जर्मनांनी वर्षभर राखून ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणाला केव्हा पकडावयाचे, हा निर्णय पुराव्यापेक्षा राजकीय सोयीवर अवलंबून असे.

योसेफ बालाबान, योसेफ माशीन व व्हात्स्लाव्ह मोराव्हेक हे तीन अधिकारी या साखळीच्या बाहेर, आपल्या स्वतंत्र गटाने काम करीत. गेस्टापोने त्यांना ‘तीन राजे’ हे नाव दिले. एका खबऱ्याच्या साहाय्याने रचलेल्या सापळ्यात बालाबान २२ एप्रिल १९४१ रोजी सापडला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १३ मे रोजी, प्रागच्या नुस्ले भागातील एका घरातून लंडनशी संदेशवहन चालू असताना गेस्टापोने धाड घातली. माशीनने जिन्यावर गोळीबार करून पोलिसांना रोखून धरले. तेवढ्या अवधीत मोराव्हेक व प्रेषकचालक आकाशकाच्या तारेवरून खाली उतरून निसटले. या उतरण्यात मोराव्हेकचे बोट तुटले. जखमी माशीन पकडला गेला. अनेक महिने छळ होऊनही त्याने माहिती दिली नाही, असे मानले जाते. त्याला ३० जून १९४२ रोजी गोळ्या घालण्यात आल्या.

हायड्रिख २७ सप्टेंबर १९४१ रोजी प्रागला आला. त्याच दिवशी एलियाशला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी लष्करी कायदा पुकारण्यात आला. तातडीच्या न्यायालयांनी २० जानेवारी १९४२ पर्यंत ४८६ जणांना मृत्युदंड दिला आणि दोन हजारांहून अधिक लोकांना छळछावण्यांत पाठविले. जनरल बीली, बालाबान व क्लाप्का यांचा वध याच दिवसांतला आहे. ‘सोकोल’ ही चेक राष्ट्रवादाशी निगडित असलेली व्यायामसंघटना ऑक्टोबरमध्ये विसर्जित करून तिचे पुढारी एका रात्रीत पकडण्यात आले. व्यायामशाळांतून जमलेली परस्परांची ओळख हा भूमिगत कामाचा एक मोठा आधार आहे, हे जर्मनांनी अचूक ओळखले होते.

याच महिन्याच्या प्रारंभी प्रागजवळील यिनोनित्से येथे स्पार्ताच्या ठिकाणावर रात्री धाड पडली. यंत्रज्ञ यिंद्रझिख क्लेच्का याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. लंडनशी असलेला नियमित बिनतारी संबंध येथे संपला आणि पुढील तीन महिने मायदेशाचा आवाज लंडनला जवळजवळ ऐकू आला नाही.

अ-५४ : पाउल ट्यूमेल हा आब्वेरमधील अधिकारी व नाझी पक्षाचा जुना सदस्य होता. त्याने १९३६ मध्ये स्वतःहून पत्र पाठवून चेकोस्लोव्हाक गुप्तवार्ता विभागाला पैशाच्या मोबदल्यात माहिती देऊ केली. विभागाने त्याला ‘अ-५४’ हे सांकेतिक नाव दिले. १५ मार्च १९३९ च्या आक्रमणाची सूचना त्यानेच आगाऊ दिली होती. व्यापलेल्या प्रागमध्ये तो आब्वेरच्या कार्यालयात काम करीत असे आणि मोराव्हेकमार्फत त्याची माहिती लंडनला पोहोचे.

जप्त केलेल्या व उलगडलेल्या संदेशांवरून गेस्टापोच्या ध्यानात आले, की यातील काही मजकूर केवळ वरच्या दर्जाच्या जर्मन अधिकाऱ्यालाच ठाऊक असू शकतो. संशयाची सुई ट्यूमेलकडे वळली व ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याला अटक झाली. पण त्याचे पक्षातील वजन मोठे होते. शिवाय मोराव्हेकच्या जाळ्यात शिरण्यासाठीच आपण हे संबंध ठेवले, असा बचाव त्याने केला आणि आब्वेरच्या माणसावर हात टाकताना गेस्टापोलाही विचार करावा लागला. त्याची सुटका झाली, पुन्हा अटक झाली, मोराव्हेकला पकडून देण्याच्या आश्वासनावर तो पुन्हा सुटला आणि २० मार्च १९४२ रोजी कायमचा अडकला. दुसऱ्याच दिवशी मोराव्हेकचा एक साथी पोलिसांच्या हाती पडला. त्याच्या मदतीस धावलेला मोराव्हेक प्रागच्या एका उद्यानाजवळ झालेल्या चकमकीत मरण पावला. ट्यूमेलला टेरेझीनच्या किल्ल्यात परक्या नावाने एकांतवासात ठेवण्यात आले आणि एप्रिल १९४५ मध्ये, मुक्ततेला काही दिवसच उरले असताना, ठार करण्यात आले.

ट्यूमेल खरोखर कोणाचा होता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मोराव्हेत्सच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आठवणींत (१९७५) त्याच्या कामगिरीचे जे चित्र आहे, ते आपल्या विभागाचे महत्त्व वाढविणाऱ्या प्रमुखाने रेखाटलेले आहे, हे विसरून चालत नाही. त्याने दिलेली बरीच माहिती खरी ठरली, एवढे मात्र निर्विवाद आहे.

छत्रीधारी सैनिक आणि शोधसत्र : तुटलेला संपर्क जोडण्यासाठी लंडनने विमानातून माणसे उतरविण्याचा मार्ग अवलंबिला. २८–२९ डिसेंबर १९४१ च्या रात्री तीन तुकड्या उतरल्या. त्यांपैकी ‘अँथ्रोपॉइड’कडे हायड्रिखच्या वधाची कामगिरी होती. आल्फ्रेट बार्तोश याच्या नेतृत्वाखालील ‘सिल्व्हर ए’कडे ‘लिबुशे’ नावाचा प्रेषक होता. जानेवारी १९४२ मध्ये लिबुशेवरून लंडनशी पुन्हा बोलणे सुरू झाले. मायदेशातील पुढाऱ्यांना वधाच्या बेताची कुणकुण लागली, तेव्हा त्यांनी सूडाच्या भीतीने तो रद्द करण्याची विनंती याच यंत्रावरून केली. बेत रद्द झाला नाही. २७ मे १९४२ रोजी यान कुबिश व योसेफ गाब्चिक यांनी हायड्रिखवर हल्ला केला; ४ जून रोजी तो मरण पावला.

त्यानंतरचे शोधसत्र म्हणजे वर वर्णिलेल्या सर्व साधनांचा एकत्रित वापर होय. प्रागमध्ये घरोघर झडत्या झाल्या. १५ वर्षांवरील प्रत्येक अनोंदित माणसाने तत्काळ पोलिसांत नोंद करावी. त्यानंतर जो अनोंदित सापडेल, त्याला व त्याला आसरा देणाऱ्या कुटुंबाला गोळ्या घालण्यात येतील, असे फर्मान निघाले. हल्ल्याच्या जागी सापडलेली सायकल, पावसाळी डगला व दप्तरे प्रागच्या मुख्य चौकातील बाटा कंपनीच्या दुकानाच्या काचेआड मांडून ठेवण्यात आली. एक कोटी क्राउनचे बक्षीस दुप्पट करण्यात आले. ३ जुलैपर्यंत सुमारे १,३०० लोकांना देहदंड झाला. त्यांतील अनेकांवरील आरोप अनोंदित व्यक्तींना आश्रय दिल्याचा किंवा हल्ल्याला नुसती संमती दर्शविल्याचा होता.

एवढे करूनही तीन आठवडे हल्लेखोर सापडले नाहीत. माग लागला तो आतून. मार्चमध्ये उतरलेल्या एका तुकडीतील कारेल चुर्दा हा १६ जून रोजी स्वतः पेचकार्नात गेला. त्याला हल्लेखोरांची सध्याची जागा ठाऊक नव्हती. पण आसरा देणाऱ्या कुटुंबांचे पत्ते ठाऊक होते. त्यांपैकी झिझ्कोव्ह भागातील मोराव्हेत्स कुटुंबाच्या घरी (या कुटुंबाचा लंडनमधील गुप्तवार्ता प्रमुखाशी संबंध नव्हता) पोलीस पोहोचताच गृहिणीने सायनाइड घेतले. तिच्या तरुण मुलाच्या छळातून रेस्लोव्हा रस्त्यावरील चर्चचा सुगावा लागला. १८ जून रोजी झालेल्या चकमकीत तेथे लपलेले सातही सैनिक मृत्यू पावले. त्यांना मदत करणारी माणसे व त्यांचे नातलग अशा अडीचशेहून अधिक स्त्री-पुरुषांना २४ ऑक्टोबर १९४२ रोजी माउटहाउझेन येथे एकाच दिवशी मारण्यात आले. चुर्दाच्या माहितीवरून एक गोष्ट स्पष्ट होते : सुरक्षिततेचा नियम म्हणून ज्या तुकड्यांनी एकमेकींपासून अलग राहावयाचे, त्या आसऱ्याच्या तुटवड्यामुळे त्याच मूठभर घरांत उतरत होत्या.

परदेशी संबंधांबद्दल सामूहिक शिक्षा : लिदित्से या खेड्याचा हल्ल्याशी काही संबंध नव्हता. एका विवाहित पुरुषाने आपल्या प्रेयसीला लिहिलेले संदिग्ध पत्र तिच्या कारखानदाराने उघडले व पोलिसांकडे दिले. त्या चौकशीत या खेड्याचे नाव निघाले. तेथील दोन तरुण ब्रिटनमध्ये चेकोस्लोव्हाक दलात सेवा करीत असल्याची नोंद गेस्टापोकडे आधीपासून होती. एवढा आधार पुरेसा मानण्यात आला. १० जून १९४२ रोजी गावातील १७३ पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियांना राव्हेन्सब्रुक येथे पाठविण्यात आले आणि ८२ मुले पुढे हेल्मनो येथे विषारी वायूने मारण्यात आली. लेझाकी या वस्तीची गोष्ट निराळी होती. लिबुशे प्रेषक तिच्या परिसरात खरोखरच चालविण्यात आला होता. २४ जून रोजी तेथील सर्व प्रौढ रहिवाशांना ठार करण्यात आले. बार्तोशने त्यापूर्वीच स्वतःवर गोळी झाडली होती. प्रेषकचालक यिर्झी पोतूचेक याने लेझाकीच्या विनाशाचा संदेश लंडनला कळविला आणि २ जुलै रोजी पार्दुबित्सेजवळ तो एका चेक पोलिसाच्या गोळीस बळी पडला.

सप्टेंबर १९४२ पासून देशाबाहेर गेलेल्यांच्या आईवडिलांना, पत्नींना व भावंडांना मोरेव्हियातील स्वातोबोर्झित्से येथील छावणीत डांबण्यात येऊ लागले. तेथून तीन हजारांहून अधिक लोक गेले. त्यांतील बहुतेकांनी काहीही केलेले नव्हते. घरातला कोणी तरी परदेशात होता, एवढेच. परदेशाशी असलेले रक्ताचे नातेही आता पाळतीच्या नोंदवहीत आले.

घुसखोरी : १९४२ नंतर गेस्टापोचा भर अटकांपेक्षा आतून ताबा मिळविण्यावर राहिला. पकडलेल्यांपैकी काहींना वळवून खबरे करण्यात आले. पूर्ण नवे भूमिगत गट खबऱ्यांकरवी उभारून त्यांत प्रामाणिक माणसे ओढण्यात आली. ऑक्टोबर १९४२ मध्ये उतरलेली ‘अँटिमनी’ तुकडी अशाच जाळ्यात सापडली. जानेवारी १९४३ मध्ये तिच्यातील दोघांनी विष घेतले, तिसरा वळला, आणि तिच्या साधनांद्वारे लंडनशी बनावट संदेशांचा खेळ मांडण्याचा प्रयत्न झाला. कम्युनिस्ट जाळ्यातही हाच प्रकार घडला. पत्रकार यूलिउस फूचिक एप्रिल १९४२ मध्ये पकडला गेल्यावर चौकशी-अधिकारी त्याला प्रागच्या रस्त्यांवरून व उपाहारगृहांतून आमिषासारखा फिरवीत. त्याला ओळखून कोणी नजर दिली किंवा जवळ आला, तर त्याला टिपता यावे, हा हेतू. पांक्रात्स तुरुंगात त्याने चिठोऱ्यांवर लिहिलेला व एका पहारेकऱ्याने बाहेर पोहोचविलेला वृत्तांत युद्धोत्तर काळात जगभर वाचला गेला.

या धोरणाचा परिणाम मृतांच्या संख्येत मोजता येत नाही. खबऱ्यांच्या भीतीने ओळखीचा माणूसही दार उघडीनासा झाला. लंडनहून १९४४ मध्ये पुन्हा तुकड्या उतरू लागल्या, तेव्हा कित्येकांना देशातील लोक जर्मनांचे सोंगाडेच समजले. जनरल व्होइत्येख लुझा हा मोरेव्हियातील प्रतिकाराचा प्रमुख. २ ऑक्टोबर १९४४ रोजी एका खेड्याच्या खानावळीत चेक ग्रामीण पोलिसांच्या तपासणीत तो मारला गेला. त्या पोलिसांना तो कोण, हे ठाऊक नव्हते. असे असूनही ‘बेरियम’सारख्या काही तुकड्यांचे प्रेषक दीर्घकाळ चालू राहिले आणि मे १९४५ मध्ये प्रागचा उठाव झाला.

युद्धोत्तर काळ : फ्रांकला २२ मे १९४६ रोजी पांक्रात्स येथे जाहीरपणे फाशी देण्यात आले. चुर्दाला एप्रिल १९४७ मध्ये देहदंड झाला. गेस्टापोची बरीच कागदपत्रे १९४५ च्या वसंतात जाळण्यात आली. त्यामुळे या विषयावरील माहितीचा मोठा भाग युद्धानंतर अटकेत असलेल्या गेस्टापो अधिकाऱ्यांच्या व खबऱ्यांच्या जबान्यांवर आधारलेला आहे. जीव वाचविण्यासाठी त्यांनी कोणावर काय ढकलले, हे ताडून पाहावे लागते. १९४८ नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीत लंडनशी निगडित प्रतिकाराचे कार्य दुर्लक्षिले गेले आणि लंडनहून परतलेल्या अनेक सैनिकांना पुन्हा तुरुंगवास भोगावा लागला. १९८९ नंतर अभिलेखागारे खुली झाल्यावर त्यांपैकी कित्येकांची नावे प्रथमच निर्दोष ठरली; तसेच काही सन्मानित नावे खबऱ्यांच्या यादीतही सापडली.